सात नंबरची फळी : शून्याचा उलगडा आणि एसटीचं तिकीट

मंडळी, आमच्या वाचनालयातल्या सात नंबरच्या फळीवरची पुस्तकं मुलं घरी का नेत नाहीत, हे कोडं सुटलं. निदान अर्धं तरी.

जूनपासूनच्या नोंदी वाचणाऱ्यांना आकडे पाठ असतील. आठवी ते बारावीसाठी वेगळी काढलेली 62 पुस्तकं, पाच महिने, देवघेव 9. त्यातल्या 4 माझ्या भाचीच्या. ‘किशोर विभाग’ ही पाटी काढून झाली (मुलांना वाटायचं, इथे बालभारतीचं ‘किशोर’ मासिक मिळतं, म्हणजे धाकट्या भावंडांचं). फळी बालविभागातून उचलून अभ्यासिकेच्या दाराशी आणली. मुखपृष्ठं समोर केली. ढिम्म.

गेल्या मंगळवारी धूळ झटकताना ‘बनगरवाडी’ उलटी खोचलेली दिसली. आत एसटीचं तिकीट, पान 34. असेल जुनं, म्हणून सोडून दिलं. गुरुवारी तेच तिकीट पान 58 वर. शनिवारी 81! संगणकाच्या मते हे पुस्तक मार्चपासून जागचं हललेलं नाही.

मग सगळ्या 62 पुस्तकांत मागच्या पुठ्ठ्याशी एकेक कागदी पट्टी ठेवली, काठ बरोबर जुळवून. पट्टी सरकली की पुस्तक उघडलं. (रद्दी कॅलेंडरचा कागद उत्तम. त्या रंगीत चिकट चिठ्ठ्या नकोत, चिकटपणा पानावर राहतो. आणि सेलोटेपवाल्यांशी मी बोलत नाही.) आठवड्यात 23 पट्ट्या सरकल्या. तेवीस! त्या दिवशी मी दोन चहा प्यायले.

म्हणजे मुलं वाचतायत, पण उभ्याउभ्या, आणि नेत मात्र नाहीत. का, ते अभ्यासिकेतल्या एका दहावीच्या मुलीने पाण्याच्या माठापाशी सांगितलं. “मॅडम, घरी मेसेज जातो ना.”

कार्ड वडिलांचं, मोबाइल वडिलांचा. पोरगी बीजगणित करतेय अशा समजुतीत घर असताना संध्याकाळी सहाला तिथे कादंबरीचं नाव झळकतं. ही मेसेजची सोय बसवली तेव्हा मीच इथे तिचं कौतुक केलं होतं, शोधून वाचू नका.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. नाव वगळून मेसेज पाठवता येत नाही, त्यासाठी नवी आवृत्ती घ्या, म्हणाले. पैशाचं बोलणं आलं की यांना ऐकू छान येतं. अनुदानाच्या तपासणीत देवघेवीचा आकडा लागतो, त्यामुळे कार्यकारी मंडळाला उभ्याने वाचलेलं पुस्तक मोजायला पटवणं अवघड. म्हणून ठरवलं होतं की ‘बैठं वाचन’ अशी वेगळी वही घालायची, विनानावाची, नुसत्या रेघा मारायच्या.

पण हे लिहिता लिहिता सुचलं. मुलांना स्वतंत्र कार्डं द्यावीत आणि मोबाइलच्या रकान्यात वाचनालयाचाच नंबर टाकावा! मेसेज माझ्याच टेबलावर वाजेल. वहीचा बेत बाजूला. पालकांपासून लपवालपवी होते का? थोडी होते. कार्ड काढताना पालकांची सही तर घेणारच आहे. पुस्तकागणिक हजेरी मात्र द्यायची नाही. कुणी असं केलं असेल तर अडचणी कळवा, सोमवारी अध्यक्षांकडे जायचंय.

माझं स्वतःचं वाचन या महिन्यात रखडलंय, कारण तिकिटाच्या पुढे जायचं नाही असा नेम केला होता. ‘बनगरवाडी’ (1955) तिसऱ्यांदा वाचतेय. मेंढपाळांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला तो पोरसवदा मास्तर मला विशीत फार मोठा माणूस वाटला होता. आता वाटतं, याला कुणीतरी जेवलास का म्हणून विचारा. पान 81 वरचा हा अनोळखी वाचक त्याला काय समजत असेल, याचं मला भारी कुतूहल आहे.

आज दुपारी पाहिलं तर तिकीट नाही. पुस्तक जागेवर, या वेळी सुलटं. माझी अजून पानं राहिलीत, म्हणजे हरले.

शेजारी ‘माणदेशी माणसं’ सरकवून ठेवलंय. पट्टी ठेवलेली नाही.