जुन्या स्पीकरच्या जोडीतला एक दबला होता, तो कसा सुधारला (माझा अनुभव)

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात वडिलांनी घेतलेली लाकडी पेटीची स्पीकर जोडी आहे. यंदाच्या पावसाळ्यात उजवा एकदम दबला, आवाज येतोय पण घोंगडं टाकल्यासारखा. दुकानात म्हणाले ट्विटर (पेटीतला बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) गेलाय, दोन्ही बदला. मला पटलं नाही, तसले ट्विटर आता मिळतात कुठं?

आधी अँपवरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल केल्या. दोष उजव्या पेटीतच राहिला, म्हणजे अँपचा (अँप्लिफायरचा) दोष नव्हता. आणि तपासायला मोनो रेकॉर्डिंगच लावा हं, स्टिरिओत दोन्हीकडं वेगळं वाजतं आणि कान फसतो. मी कुमार गंधर्वांचं जुनं मोनो लावलं (आपल्या सुळेभावीचे, जन्म १९२४), तर तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद) डावीकडं लख्ख, उजवीकडं नुसतं घुमणं.

मग ट्विटरची वायर सोडवून मल्टिमीटर लावला, ६ ओहम. ८ ओहमच्या ट्विटरला एवढंच येतं, म्हणजे कॉइल शाबूत. पेटीमागचा ट्रेबलचा (बारीक आवाज कमीजास्त करायचा) नॉब फिरवला तर नुसती खरखर, आमच्याकडच्या ओलीत आत गंज धरतोच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून इकडून तिकडं भरपूर फिरवला, खरखर गेली, आवाज थोडा उघडला, पण डाव्याची बरोबरी नव्हती.

खरं दुखणं क्रॉसओव्हरच्या (जाड-बारीक आवाज वेगळे करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला देणारं सर्किट) कंडेन्सरचं निघालं. ४ एमएफडीचा (मायक्रोफॅरड) नॉनपोलर, म्हणजे प्लस-मायनस बाजू नसलेला, एक पाय सोडवून मोजला तर जेमतेम २. आता बघा, ८ ओहमला ४ एमएफडी म्हणजे साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं ट्विटरला जातं, २ झाला की ती हद्द १०००० वर सरकते, मधलं दबतं आणि जवारीची चमक जाते.

नॉनपोलर कुठं मिळेना, साधा पोलर इथं चालत नाही. शेवटी खडेबाजारात पंख्याचे ४ एमएफडीचे कंडेन्सर घेतले, ते फिल्मचे असतात, आकारानं मोठे पण काम चोख. दोन घेतले कारण फिल्मचा आतला रेझिस्टन्स कमी, एकाच पेटीत घातला असता तर आता उजवा जास्त तिखट वाजला असता. डाव्यातला जुना काढून मोजला तर तो ५ दाखवत होता, म्हणजे त्याचंही वय झालंच होतं.

ट्विटर दोन्ही मूळचेच ठेवलेत. नॉब मात्र दोन्हीकडं सारखे, पूर्वीपेक्षा जरा खाली ठेवावे लागले.