पडण्याचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका समितीच्या पत्रात 'आपल्या यशाचा प्रवास विद्यार्थ्यांना प्रेरणादायी ठरेल' असं वाक्य होतं. १९९२ साली दहावीला शाळेत पहिला आलो, म्हणून ते पत्र माझ्याकडे आलं हे उघड आहे. पण त्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पाठांतर, 'अपेक्षित' आणि वडिलांचा धाक. त्यापेक्षा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ज्या वर्गात शेवटचा आलो, त्या वर्गाविषयी लिहितो. ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये सांक्ट आंटोन नावाचं गाव आहे, तिथला तो वर्ग. विषय स्कीइंग.

त्याआधी एक कबुली. आपले पीटीचे सर दर जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेला की मैदानाचा खालचा कोपरा खणून घ्यायचे आणि त्या भुसभुशीत मातीत आठवीच्या पोरांना खो-खोचा सूर मारायला लावायचे. धावणं नंतर, आधी पडणं. मी त्या मातीत एकदाही उतरलो नाही. पाय मुरगळल्याची चिठ्ठी मीच लिहायचो, बाबा न वाचता सही करायचे. सर ती वाचून घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "गुण लिहायला बस." तीन वर्षं मी चिंचेखाली बसून गुण लिहिले. अक्षर सुरेख होतं. दहावीच्या निरोप समारंभात सर एवढंच म्हणाले, "आता पाय कसा आहे रे?"

पुढे नोकरीनिमित्त म्युनिकला आलो. इथे डिसेंबर ते मार्च दर सोमवारी ऑफिसात एकच विषय: कोण कुठे स्कीइंगला गेलं आणि बर्फ कसा होता. मला विचारलं की मी म्हणायचो, पायाचा जरा त्रास आहे. तीच चिठ्ठी, फक्त जर्मनमध्ये. ती वीस वर्षं चालली. मग मुलगी शाळेच्या स्की शिबिराला जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, नक्की कुठला पाय दुखतो तुझा?" मी डावा दाखवला. ती म्हणाली, मागच्या वर्षी उजवा होता.

तर फेब्रुवारी २०२४. इन्सब्रुकला गाडी बदलून सांक्ट आंटोनला उतरलो. गाव १,३०४ मीटरवर. तिथल्या दुकानात स्की, म्हणजे पायाला अडकवायच्या लांब पट्ट्या, आणि बूट भाड्याने मिळतात. दुकानदाराने वजन विचारलं. बायको शेजारी उभी होती, म्हणून मी चार किलो कमी सांगितलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मला न विचारता चार किलो वाढवून लिहिलं. वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून स्कीला बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा ताण ठरवतात. पडल्यावर बूट सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. आणि उगाच सुटताही कामा नये. म्हणजे माझ्या खोटेपणाने माझंच नुकसान होणार होतं. बूट कसले, सिमेंटात पाय गाडल्यासारखं वाटतं. दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मी लग्नातल्या लाकडी बाहुलीसारखा चालत होतो.

गावच्या टोकाला, नासेराइन इथे, नवशिक्यांची उतरण आहे. आम्ही सात जण. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची, तिथलीच, उन्हाळ्यात घरच्या गायी बघणारी. तिने पहिल्याच मिनिटाला मला 'डू' म्हणून हाक मारली, म्हणजे सरळ अरे-तुरे. १,००० मीटरच्या वर सगळे 'डू' म्हणतात, अशी तिकडे रीत आहे. मी मात्र पाचही दिवस मनात तिला 'बाई'च म्हणत होतो. शाळेची सवय.

सकाळी बर्फावर कॉर्डरॉय पँटसारख्या बारीक रेषा होत्या. रात्री यंत्रं फिरवून तो सपाट करतात. स्कीवर बूट ठेवून टाच दाबली की 'खट्' असा आवाज येऊन तो बसायला हवा. माझा बसेना. बाईंनी काठीच्या टोकाने माझ्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडून काढला. खट्. मग त्या म्हणाल्या, "आता सगळे पडा."

मी ऐकलं ते बरोबर आहे का, हे शेजारच्या डच आजींना विचारलं. त्या तोवर पडल्याही होत्या.

पडायचं कुशीवर, बसकण मारत, हात मागे न टेकता. उठायची युक्ती अशी की दोन्ही स्की आधी उताराला आडव्या करायच्या आणि शरीराच्या खालच्या अंगाला आणायच्या. नाहीतर उठता उठता त्या घसरतात आणि माणूस पुन्हा खाली. मी अकरा वेळा घसरलो. खणलेल्या मातीत सूर मारणारी आपली पोरं आठवत होती, आणि अंगावर चिखल घेऊन ती का हसायची, हेही.

दुसरा धडा 'श्नेप्फ्लूग', म्हणजे बर्फातला नांगर. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडांवर भार. त्याने वेग आवरतो. आपला नांगर जमीन उकरतो, हा ब्रेक लावतो. शेतकऱ्याच्या नातवाला काही तो धरता येईना. शेजारच्या पट्ट्यावर चार वर्षांची पोरं "पिझ्झा! पिझ्झा!" असं ओरडत तोच नांगर करत सरकत होती. पिझ्झाच्या तुकड्याचा आकार म्हणून.

खरी अडचण वळताना. उतार दिसला की भीतीने शरीर मागे, डोंगराकडे झुकतं. तसं झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि ती वळतच नाही, सुटते. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबायची, वळणात बाहेरच्या स्कीवर भार टाकायचा आणि छाती दरीकडे ठेवायची. मी इंजिनिअर. बलांची आकृती मी रुमालावर काढून देऊ शकलो असतो. पाय ऐकत नव्हते. तिसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर उलट्या सरकत, माझ्या डोळ्यांत बघत म्हणत राहिल्या, "माझ्याकडे बघ, स्कीकडे नको." एक वळण जमलं. एकच. उभ्याउभ्या वर ओढून नेणाऱ्या दोरीच्या लिफ्टला एक थाळी असते, तिच्यावर बसायचं नसतं. त्या आनंदात मी बसलो. लिफ्ट थांबवावी लागली. मागे रांगेत वीसेक माणसं.

नियम मात्र लगेच कळला. मागून, वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. खालच्याचा हक्क आधी. कुंभार्ली घाटात एसटीने प्रवास केलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी अंग इतकं दुखायचं की एकदा गरम हवेसाठीच गावच्या संग्रहालयात शिरलो. तिथे हान्नेस श्नायडर भेटला. जन्म १८९०, जवळच्या श्टुबेन गावचा. त्याने १९२१ मध्ये इथे स्की शाळा काढली. पहिल्या महायुद्धात सैनिकांना शिकवताना त्याला कळलं होतं की सगळ्यांना एकत्र शिकवून भागत नाही. मग शिकणाऱ्यांची परीक्षा घेऊन तुकड्या पाडायच्या आणि नांगरापासून पायरीपायरीने पुढे न्यायचं, अशी त्याची रीत 'आर्लबर्ग पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि तिथेही शाळाच चालवली. १९२८ मध्ये त्याच्यासोबत इथली प्रसिद्ध आर्लबर्ग-कांडाहार शर्यत सुरू करणारा आर्नल्ड लन हा इंग्रज जन्मला होता मद्रासला. हे वाचून उगाच बरं वाटलं. शर्यतीच्या नावातलं कंदाहारही आपल्याच बाजूचं. कंदाहारच्या लढाईनंतर ते बिरुद मिळालेल्या ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने स्कीच्या एका चषकाला नाव दिलं, तिथून ते आलं.

तुकड्या म्हटल्यावर आठवलं: दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यातल्या दोघांना वरच्या तुकडीत नेलं. त्यांच्या जागी खालून दोघं आले. मी जिथे होतो तिथेच. आयुष्यात पहिल्यांदा 'अ' तुकडीतून नाव वगळलं गेलेलं पाहिलं आणि रात्री गेर्मक्नोडल, म्हणजे मुठीएवढा मोठा वाफाळता गोड गोळा, खाऊन झोपलो. आत प्लमचा गर असतो, वर खसखस. उत्तम प्रकार आहे.

पाचव्या दिवशी शर्यत. झेंड्यांमधून वळत खाली यायचं. सहासष्ट वर्षांच्या डच आजी ५८ सेकंदांत आल्या. मला १ मिनिट ५२ सेकंद लागली. त्यात एकदा पडलो, स्की आडव्या केल्या, उठलो. सातपैकी सातवा. पदक सगळ्यांना मिळालं.

सर सुवर्णमहोत्सवाला येणार आहेत असं कळलं. समितीने परिचयासाठी फोटो मागितला होता, तो शर्यतीच्या दिवसाचाच पाठवतोय. टोपीवर बर्फ असलेला, डावीकडून शेवटचा तो मी. छापताना कृपया खालून कापू नका. दोन्ही पाय दिसले पाहिजेत.