सहकार सप्ताह आणि आमचे वैकुंठभाई

नोव्हेंबर आला की मला गावच्या सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, सहकार सप्ताह आठवतोच. १४ ते २० नोव्हेंबर. चेअरमन हेडमास्तरांना निरोप धाडायचे, पोरं पाठवा म्हणून, की मग प्रभातफेरी, पुढे तो सातरंगी झेंडा, 'विना सहकार नाही उद्धार' ओरडून घसा बसलेला, आणि फेरी संपायची सोसायटीच्या गोडाऊनसमोर, तिथे युरियाच्या पोत्यांचा आणि गरम जिलबीचा वास एकदमच यायचा.

खरी मजा भाषण स्पर्धेची. सगळी पोरं विठ्ठलराव विखे पाटील नाहीतर धनंजयराव गाडगीळ घ्यायची, मला गुरुजींनी वैकुंठभाई मेहता दिले आणि तेव्हापासून हा माणूस मनात बसलाय तो बसलाच.

जन्म १८९१ चा, वडील लल्लूभाई सामळदास. वडलांनी विठ्ठलदास ठाकरसींच्या सोबतीनं १९११ ला मुंबईत सहकारी बँक काढली, आज आपण जिला शिखर बँक म्हणतो ती राज्य सहकारी बँक हीच. वैकुंठभाई शिक्षण संपवून तिथे आले आणि १९४६ ला मंत्री होईपर्यंत तीसेक वर्षं तिथेच राबले. एवढ्या मोठ्या घरचा मुलगा, कुठेही गेला असता, पण त्यानं आयुष्य घातलं ते खेड्यातल्या कर्जात, मला याचंच फार अप्रूप आहे. तारण ठेवायला काही नसलेल्या कुणब्याला सावकाराशिवाय कोण उभं करत होतं? इथे गावानं मिळून सोसायटी काढायची, एकानं दुसऱ्याची हमी घ्यायची आणि बँकेनं त्या हमीवर पैसे द्यायचे.

हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. एका सप्ताहात गटसचिवांनी, म्हणजे सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्यांनी, आम्हाला जुनं कर्ज रजिस्टर उघडून दाखवलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, त्यात आजोबांचं नाव, पीक ज्वारी, रक्कम, आणि जामीनदाराच्या जागी निळा अंगठा कुणाचा तर ज्या चुलत भावाशी बांधावरून आमचं कायम वाजायचं त्याचा! भांडण भांडणाच्या जागी, जामीन जामिनाच्या जागी.

मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई अर्थमंत्री होते, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा १९४७ चा कायदा त्याच सरकारचा, आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहताना विखे पाटील-गाडगीळांच्या पाठीशी मुंबईत हेच होते. पुढे खादी ग्रामोद्योगाचं अध्यक्षपद, १९५४ ला पद्मभूषण, १९६४ ला गेले. पुण्यात विद्यापीठ रोडला त्यांच्या नावाची सहकाराची मोठी संस्था आहे, रोज तिच्यासमोरून जाणाऱ्या कितीतरी लोकांना नावामागचा माणूस माहीत नसतो याचं वाईट वाटतं.

यंदा सप्ताहाला कुणी पोरांना भाषण लिहून देणार असाल तर वैकुंठभाईंवर द्या, आणि सहकारी कर्जावरची १९६० ची त्यांच्या अध्यक्षतेखालची मेहता कमिटी त्यात नक्की घाला, ती दरवेळी राहून जाते.