लॉकचं मॉडेल करताय? दोराचा ताण आधी बघा

नौकावहन लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा बंदिस्त हौद, म्हणजेच चेंबर. जायकवाडीचे वक्राकार दरवाजे पाहिलेल्याला त्याचा व्हॉल्व्ह चटकन कळतो. दरवाजा तोच, पण उलटा बसवलेला. धरणावर फुगीर बाजू जलाशयाकडे असते, लॉकच्या कल्व्हर्टमध्ये, म्हणजे चेंबरला पाणी नेणाऱ्या भुयारी नळात, ती खालच्या अंगाला. त्यामुळे व्हॉल्व्हची विहीर वरच्या दाबाच्या पाण्याने भरलेली राहते आणि कल्व्हर्टमध्ये हवा खेचली जात नाही. तशी गेलेली हवा चेंबरमध्ये उसळून वर आली की बार्जला (सपाट तळाच्या मालवाहू बोटीला) हिसका बसतो.

कॉलेजच्या लॅबला १:२५ प्रमाण बरं पडतं. १८० बाय २५ मीटरचं चेंबर ७.२ बाय १ मीटरमध्ये बसतं. १० मीटरची उचल ४० सेंटिमीटर होते, म्हणजे एका भरणीला सुमारे २,८८० लिटर पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर लागतात, तेव्हा संप आणि पंप लावून तेच पाणी फिरवायचं. बोअरचं जड पाणी वापरलंत तर पिझोमीटरची (पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्यांची) छिद्रं क्षाराने बुजतात, ती तपासत राहा.

मॉडेलचे आकडे प्रत्यक्षात नेण्याच्या फ्राउड नियमाने वेळ ५ पट, बल १५,६२५ पट. चार मिनिटांत उघडणारा व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये ४८ सेकंदांत उघडायचा, आणि तोही मोटरने. हाताने फिरवला तर दोन चाचण्या जुळत नाहीत.

खरी कसोटी बार्ज बांधून ठेवणाऱ्या दोराची. अमेरिकन आर्मी इंजिनिअर्सच्या संकेतानुसार ताण ५ टनांच्या आत हवा, म्हणजे मॉडेलमध्ये ३२० ग्रॅम. २,००० टनांची बार्ज इथे १२८ किलोची. तिला ३२० ग्रॅम ताण यायला पाण्याचा १:४०० उतार पुरतो, चेंबरच्या दोन टोकांत जेमतेम १८ मिलिमीटर फरक! म्हणून पातळीमापक दोन्ही टोकांना हवेत, आणि बार्ज मार्गदर्शक दांड्यांवर अडखळता कामा नये. ताण वाढला तर आधी व्हॉल्व्हची सुरुवातीची गती कमी करा. भरायला थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल.

मॉडेलमधलं घर्षण तुलनेने जास्त असतं. त्यामुळे प्रत्यक्षातलं लॉक पाचपटीच्या हिशेबापेक्षा लवकर भरतं आणि कल्व्हर्टमधल्या पाण्याच्या जडत्वाने पातळी वरच्या पाण्याच्याही वर जाते. दुरुस्ती न करता आकडे दिलेत तर दरवाजे उघडण्याची वेळ चुकेल. पाण्याचं तापमानही नोंदवा. २० अंशांना चिकटपणा १.००, तर ३५ अंशांना ०.७२ (१०⁻⁶ चौ. मी. प्रति सेकंद), त्यामुळे जानेवारी आणि मेचे आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत.

पोकळीभवन (दाब फार घटल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) मात्र या मॉडेलमध्ये दिसणारच नाही, कारण वातावरणाचा दाब लहान होत नाही. व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूला कल्व्हर्टच्या छतावर पाण्याच्या उंचीत उणे ३० सेंटिमीटर दाब आला तर तो प्रत्यक्षात उणे ७.५ मीटर. तिथे छत खाली घ्या, नाहीतर मोजून हवा सोडणारा पाइप द्या.