सोलापूरच्या पूर्व भागातून केम्निट्झला: जर्मनीतलं पहिलं वर्ष आणि मागून येणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मला सोडायला स्टेशनवर अकरा माणसं आली होती. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, दोन मोठ्या बॅगा, पाठीवर सॅक, आणि गाडी हलेपर्यंत आईच्या हातात कडक भाकरीचा डबा. ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. आता पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आलोय, तर रोज संध्याकाळी कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी "दादा, जर्मनीचं जरा सांगा की" म्हणून दारात उभी असते. दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी इंजिनीअरिंगची डिग्री सोलापुरातच केली आणि मास्टर्ससाठी केम्निट्झच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गेलो. केम्निट्झ पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात आहे. १९५३ ते १९९० या काळात गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं आणि मार्क्सचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं अजून भर गावात उभं आहे. पण मला हे गाव आपलं वाटलं ते गिरण्यांमुळे. त्याला पूर्वी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, त्यामुळे बंद गिरणीची चिमणी लांबून ओळखायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

तयारीचं थोडक्यात सांगतो. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या मार्कशीटा खऱ्या आहेत याची जर्मन बाजूने केलेली तपासणी, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. मी भरली तेव्हा फी १८,००० रुपये होती. पुण्यातल्या एका सल्लागाराने मला "आधी ॲडमिशन येऊ दे, एपीएस काय पंधरा दिवसांत होतं" असं सांगितलं आणि माझं एक सेमिस्टर हातचं गेलं. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज टाका. दुसरी गोष्ट ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात भरायचे आणि तिथे गेल्यावर ते महिन्याच्या हप्त्याने मिळतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ आहे. आकडा बदलत असतो, तेव्हा व्हिसाचा अर्ज भरण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघाच. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. घरी कर्जाचा हिशोब मांडताना हे धरा.

मुंबईहून विमान फ्रँकफर्टला उतरलं. विमानतळाखालीच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून लाइपझिग, आणि लाइपझिगहून साध्या रिजनल गाडीने तासाभरात केम्निट्झ. सामानाबद्दल एकच सांगतो. दूध आणि मांस यांचे कुठलेही पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. पेढे नाहीत, खवा नाही, तूपसुद्धा नाही. आईने दिलेली तुपाची बरणी मी मुंबईत मामाकडे ठेवली. शेंगाचटणी, कारळाची चटणी, काळा मसाला आणि कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या. कडक भाकरी महिनाभर सहज टिकते. पहिल्या दोन दिवसांत माझं जेवण तेच होतं.

ते का, ते सांगतो. मी शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. घराची किल्ली इमारतीच्या केअरटेकरकडे असते, आणि तो शुक्रवारी दुपारीच घरी जातो. सोमवारपर्यंत प्रवाशांच्या हॉस्टेलवर राहावं लागलं. रविवारी सगळी दुकानं बंद, दूधसुद्धा मिळत नाही. तिकीट काढताना सोमवार ते बुधवार पोचाल असं बघा, आणि ३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते हेही लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या महिन्यातली कामं एका साखळीत बांधलेली असतात आणि एक कडी निसटली की पुढचं सगळं अडतं. राहायला गेल्यापासून साधारण दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, हा माणूस इथे राहायला आला आहे असा वेगळा फॉर्म लागतो. भाडेकरार दाखवून चालत नाही. मी नुसता करार घेऊन गेलो आणि परत आलो. अपॉइंटमेंट पुन्हा घ्यायची म्हणजे दहा दिवस. नोंदणी नाही म्हणून बँकेचं खातं रखडलं आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता येईना. स्वतःचे पैसे स्वतःला मिळत नाहीत, ही अवस्था फार वाईट असते. त्या महिन्यासाठी किमान हजारभर युरो वेगळे जवळ ठेवा. नेलेले चारशे मी कसे पुरवले ते मलाच माहीत.

खातं झालं तर कार्ड येईना. बँक कार्ड एका पाकिटात पाठवते आणि पिन दुसऱ्या. दोन्ही आलीच नाहीत. एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. त्यांनी माझा दंड धरला, मला दारापाशी नेलं आणि पत्र्याच्या पेट्यांच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, "नामं! नामं!" आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूंची नावं होती, माझं नव्हतं. तिकडे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. खोली नंबर वगैरे काही नसतं. पेटीवर नाव नाही, तर माणूस तिथे राहत नाही असं धरून पत्र परत जातं. आपल्याकडे पोस्टमनकाका "अरे, तो लक्ष्मी-विष्णूतल्याचा नातू ना" म्हणून बरोबर पोचवतात, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजींनी घरातून कात्री आणि पांढरी चिकटपट्टी आणली. मी आडनाव लिहिलं. त्यांनी ते वाचून बघितलं, मान हलवली आणि आणखी मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. चौथ्या दिवशी पत्रं सुरू झाली. विम्याचं, टॅक्स नंबरचं, व्हिसा संपायच्या आत राहण्याचा परवाना काढून घ्यायच्या तारखेचं, सगळं पत्रानेच येतं. तेव्हा किल्ली हातात आली की बॅग उघडायच्या आधी पेटीवर नाव लावा.

या आजींमुळेच मला भाषेचं कळलं. माझा कोर्स इंग्रजीतून आहे, त्यामुळे जर्मन लागणार नाही असं मला इथे चार जणांनी सांगितलं होतं. वर्गात नाही लागत. पण नगरपालिकेत, डॉक्टरकडे, भाजीच्या दुकानात, जिन्यात, सगळीकडे लागते, आणि पूर्व जर्मनीत तर जास्तच. मी फक्त ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पातळी, करून गेलो होतो. सोलापूर सोडण्याआधी बी-वन, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत करा, हे मी कळकळीने सांगतो.

आणि आपल्याला ती जमते. सूर्य पुल्लिंगी, नदी स्त्रीलिंगी, झाड नपुंसकलिंगी ही तीन लिंगांची सवय मराठी माणसाला जन्मापासून असते, आणि जर्मनमध्येही तीनच आहेत. फक्त तिकडे सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, एवढं घोकावं लागतं. आपण पोरगं म्हणताना "ते" म्हणतोच की. झी आणि डू म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. ओळख नसलेल्या माणसाला तू म्हणायचं नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आकडेसुद्धा आपल्यासारखेच, आधी एकम मग दशम. पंचवीस म्हणजे त्यांचं पाच-आणि-वीस. माझ्या वर्गातली इतर देशांची मुलं यावर अडायची. मला चौथ्या आठवड्यात फोन नंबर ऐकून लिहिता यायला लागला.

याहून मोठी शिदोरी म्हणजे आपलं गाव. पूर्व भागात मी लहानपणापासून शेजारच्या अव्वांशी मोडकं तेलुगू, बाजारात मोडकं कन्नड आणि बेगम पेठेत मोडकं उर्दू बोलत आलोय. कुणी हसत नाही, कुणी चूक काढत बसत नाही, काम होतं. तीच सवय तिकडे चालवा. व्याकरण बरोबर होईपर्यंत तोंड मिटून बसलेली हुशार मुलं मी बघितली आहेत. वर्ष गेलं तरी ती आपल्याच चार मुलांत असतात. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. ते १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, त्या माणसांत मिसळले. त्या स्मारकावरून आपण रोज जातो. जाण्याआधी एकदा आत जाऊन या.

अभ्यासाचं एवढंच की हजेरी कुणी घेत नाही आणि सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा असते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत सगळं निवांत वाटतं आणि जानेवारीत पाणी डोक्यावरून जातं. परीक्षेची नोंदणी स्वतः वेगळी करावी लागते, तारीख चुकली तर बसता येत नाही. उत्तम गुण १.० आणि ४.० म्हणजे काठावर पास, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा. माझा १.७ ऐकून बाबा रात्रभर झोपले नव्हते. लायब्ररी मात्र सोडू नका. आमची मध्यवर्ती लायब्ररी २०२० मध्ये एका जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत सुरू झाली आहे. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावून सगळं फिरवून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग गिरणीतल्या यंत्रांचं विचारलं, "साचे कुठं होते रे हितं?"

अंधार नोव्हेंबरपासून सुरू होतो. डिसेंबरात चार वाजता दिवे लागतात. आपण बेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं, थंडीला जाकीट असतं, अंधाराला काही नसतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो, म्हणजे तुमचं कॉलेज सुटेपर्यंत आई झोपायला आलेली असते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवशी सकाळी मोबाइलवर नंदीध्वज आणि अक्षता सोहळा बघताना मला रडू आवरलं नाही. त्या महिन्यात मी तीन दिवस खोलीबाहेर पडलो नव्हतो. मग वर्गातल्या एका मुलीने मला स्टुडेंटेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, मोफत समुपदेशनाला नेलं. इंग्रजीत बोलता आलं. त्याचा उपयोग झाला, आणि यात लपवण्यासारखं काही नाही. जाताना घरच्यांशी फोनची एक ठरलेली वेळ बांधून घ्या आणि दिवसा उजेड असेल तेव्हा रोज अर्धा तास चाला.

खाण्याचं: गॅस नसतो, काचेची विजेची शेगडी असते. भाकरी आरावर फुगवता येत नाही. तव्यावरच फडक्याने दाबून भाजायची. खिडकी आधी उघडा. माझी पहिली भाकरी करपली, धुराचा भोंगा वाजला आणि सगळा जिना जमला. मालदांडी ज्वारीचं पीठ तीन किलो नेलं होतं, ते फेब्रुवारीपर्यंत पुरलं.

पार्ट टाइम कामाची मर्यादा मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. पहिल्या सेमिस्टरला काम मिळेलच असं धरून पैसे नेऊ नका. आणि घर न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नका. माझ्या बरोबरच्या एका मुलाचे सहाशे युरो असेच गेले, घरच अस्तित्वात नव्हतं.

सगळे विचारतात, सोलापुरी चादर न्यायची का? वजन होतं, आणि खोलीत हीटर असतो. तरी एक न्या. मी दोन नेल्या होत्या. मार्चमध्ये एक खालच्या आजींना दिली. त्यांनी ती उघडली आणि पांघरायच्या आधी उलटी केली, मागच्या बाजूचे धागे अंगठ्याने चाचपले, काठ ओढून बघितला. अगदी आजोबा बघतात तसं. त्या अठ्ठावीस वर्षं तिथल्या गिरणीत होत्या, हे मला तेव्हा कळलं. नक्षीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "जकार्ड." आपल्या चादरीची नक्षी ज्या मागावर विणतात त्याचं हेच नाव. मी म्हटलं, "या, जकार्ड." मग त्यांनी मला बसवून कॉफी केली.