नौपाड्यातल्या काकांचं घर विकताना

ठाण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम मी करते. घरातलं माणूस गेलं आणि घर विकायचं ठरलं की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, रेट काय मिळेल? मी आधी विचारते, वारस कोण कोण? नौपाड्यातल्या एका काकांच्या घरी या प्रश्नावरच पुढचं सगळं ठरलं.

सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं. त्यामुळे फ्लॅट त्याचाच, असं सगळे धरून चालले होते, लग्न झालेली मुलगीसुद्धा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर वारसांची नावं लागेपर्यंत त्याला तात्पुरता सभासदच करतात. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अशा वेळी पत्नी आणि मुलांइतकाच आईचाही वाटा असतो. काकांची आई, नव्वदीच्या आजी, आतल्या खोलीतच होत्या. त्यांचा हिस्सा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

"आजीकडून हक्कसोडपत्र करून घेऊ," मुलगा म्हणाला. कायद्याने ते होतं, पण मला पटेना. "त्यांचा लेक गेलाय. आता घरातला हक्कही सोडायला लावायचा का?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, चौघांच्या नावावर करा."

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र देऊन सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर काकू, मुलगा, मुलगी आणि आजी अशा चौघांची नावं चढवली. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम वारसांकडून घेता येत नाही. कुणी मागितलाच तर सोसायटीचे नियम, म्हणजे उपविधी, दाखवा.

घर बघायला येणारे "ही भिंत पाडू, हा ओटा काढू" असं काकूंसमोरच बोलायचे, आणि चहा गाळता गाळता काकूंचा हात थांबायचा. मग काकू कौपिनेश्वराला जात तेव्हाच मी लोकांना बोलवू लागले. काकांचा खण मुलीने उघडला, त्यात रबर लावलेलं रेल्वे पासांचं पुडकं निघालं, ठाणे ते व्हीटी. ती एकेक पास बघत बसली. रद्दीवाला दारात उभा होता, त्याला मी परत पाठवलं. आवराआवरीची घाई बाहेरच्या माणसाने करूच नये.

घर २००१ च्या आधी घेतलेलं, म्हणून विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी १ एप्रिल २००१ च्या किमतीचा मूल्यांकन दाखला काढला. किंमत ५० लाखांच्या वर, त्यामुळे एक टक्का टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने आधीच कापून भरायचा कर, चौघांच्या पॅनवर जाणार होता आणि आजींना पॅनच नव्हतं. ते काम आधी करून घ्या, नाहीतर सगळं अडून राहतं.

आजींना जिना उतरवत नव्हता. नोंदणी कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी आले. त्यांनी विचारलं, "आजी, कशावर अंगठा देताय, ठाऊक आहे ना?"

"घर विकतोय. माझा चौथा हिस्सा माझ्या खात्यात येणार आहे."

पैसे तसेच चार खात्यांत जमा झाले. ताबा मात्र वर्षश्राद्धानंतर द्यायचा, हे करारातच लिहून घेतलं होतं. घेणाऱ्यांनी त्यावर एका शब्दानेही हरकत घेतली नाही.