जाळ राहू दे, धूर तेवढा कमी करूया

केंद्राच्या एका यादीत कोल्हापूरचं नाव आहे आणि ते काय अभिमानानं सांगण्यासारखं नाही. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही त्यांची ही यादी, आणि २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम म्हणजे एनकॅप सुरू झाला तेव्हापासून आपण त्यात आहोत, जोडीला सांगली-सोलापूर पण आहेत. पाहुण्यांना हे पटत नाही. त्यांना कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करून आलेल्या माणसाला मान पुसायला पांढरा रुमाल द्या, मग कळतंय.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. म्हणजे दिवसभर एकच धंदा, नगाला किती पडलं, किलोला किती पडलं. त्यामुळं हवा सुधारायच्या योजना वाचताना पण माझं डोकं तिकडंच जातंय की बाबा एवढे कोटी खर्च केले, तर हवेतली किती किलो धूळ कमी झाली आणि किलोला काय दर पडला? आणि हा हिशोब बहुतेक ठिकाणी सापडतच नाही. किती झाडं लावली, किती गाड्या घेतल्या, किती कारंजी बसवली ते सगळं असतंय.

देशभरात एनकॅपचा हा पैसा कुठं गेला ते सीएसईनं, म्हणजे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं, २०२४ मध्ये मांडलं होतं. साधारण १०,५६६ कोटींतले ६४ टक्के रस्त्याच्या धुळीवर, म्हणजे रस्ते करणं, खड्डे बुजवणं, पाणी मारणं, झाडायच्या मशीन. गाड्यांच्या धुरावर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. आणि कारखान्यांवर? ०.६१ टक्के. एक टक्का पण नाही ओ! याचं कारण पण सरळ आहे. कार्यक्रमाचं टार्गेट धरलं होतं पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के कमी करायचं, आणि पीएम १० मध्ये रस्त्याची जाड धूळ भरपूर असते, त्यामुळं झाडू मारला की आकडा लवकर हलतो. पण फुफ्फुसात खोल जाऊन बसतो तो पीएम २.५, म्हणजे त्याहून बारीक कण, आणि तो येतो मुख्यतः जळण्यातून, म्हणजे भट्टी, बॉयलर, डिझेल, पेटवलेला कचरा. म्हणजे मोजायचं एक आणि बाधतंय भलतंच.

रस्त्याची धूळ सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण त्यात पण स्वस्त आणि महाग असतंय की. एप्रिलच्या उन्हात मारलेलं पाणी तासाभरात वाळतं आणि परत टँकर. त्यापेक्षा डांबराच्या कडेची उघडी माती एकदा पेव्हिंग ब्लॉकनं नाहीतर गवतानं झाकली तर ते वर्षानुवर्षं टिकतं. आणि महाग कसं असतं ते बघायचं असेल तर दिल्लीचा कनॉट प्लेसचा स्मॉग टॉवर, म्हणजे हवा ओढून गाळणारा मनोरा, आठवा, २०२१ ला साधारण २० कोटीला उभा केला आणि नंतर तिथल्याच प्रदूषण नियंत्रण समितीनं सांगितलं की फरक पडतोय तो शंभरएक मीटरमध्ये, तो पण जास्तीत जास्त सतरा टक्के. उघड्या मैदानात एसी लावण्यातला प्रकार.

आता आपल्या मूळ दुखण्याकडं येतो, फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने. शहराचं पोट त्याच्यावर आहे, उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत सगळीकडं ओतकाम चालतंय, त्यामुळं "बंद करा" म्हणणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. क्युपोला, म्हणजे कोकवर (दगडी कोळशापासून केलेल्या जळणावर) चालणारी जुनी भट्टी, तिच्या जागी इंडक्शन, म्हणजे विजेवरची भट्टी, आली की चिमणीचा काळा धूर जातो, हे खरं. पण इंडक्शनला टनामागं साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट लाईट लागते आणि मशीन बसवायचा खर्च वेगळाच, छोट्या जॉबवाल्याला ते झेपत नाही. त्याच्यासाठी मधला रस्ता आहे, दुहेरी झोताचा क्युपोला, म्हणजे हवा एकाऐवजी दोन पातळ्यांवरून सोडायची. त्यानं कोक साधारण २० ते ३० टक्के वाचतो. टेरी या ऊर्जेवर काम करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेनं हावड्याच्या फौंड्रीत नव्वदच्या दशकातच हे करून दाखवलंय. इथं पर्यावरण बिर्यावरण काय सांगावं लागत नाही, कोकचं बिल दाखवलं की मालक स्वतःच पुढं येतो.

आणि इंडक्शनवाल्यांनी पण लगेच कॉलर ताठ करायचं कारण नाही. तेलकट, रंग लागलेलं, गंजलेलं स्क्रॅप भट्टीत टाकलं की कसला धूर उठतोय ते शेडमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्क्रॅप निवडून, स्वच्छ करून टाकणं. मशीन नको, सबसिडी नको, दोन माणसं आणि खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवायची.

मग बॅग फिल्टर, म्हणजे धुळीची हवा कापडी पिशव्यांतून गाळणारं यंत्र. हा बऱ्याच ठिकाणी आहे, प्रश्न तो चालू आहे का हा आहे. हिशोब बघा. समजा सँड प्लँटवर (साच्याची वाळू तयार होते तिथं) नाहीतर शॉट ब्लास्टिंगवर (छर्रे मारून कास्टिंग साफ करतात तिथं) फिल्टरला २० एचपीचा पंखा आहे, म्हणजे १५ किलोवॅट. आठ तासाच्या पाळीला १२० युनिट, युनिटला ९ रुपये धरले तरी हजाराच्या वर जातंय, महिन्याच्या २६ पाळ्यांना २८ हजार. आता ज्याला कास्टिंगच्या किलोमागं रुपया सुटायची मारामार आहे तो रात्रपाळीला काय करणार? बटन बंद. शिव्या घालून काय होत नाही, मी त्याच्या जागी असतो तरी माझा हात त्या बटनाकडं गेला असता. इथं दोन कामं स्वस्तात होतात. एक, ब्लास्टिंग चालू झालं की पंखा आपोआप चालू आणि त्याच्याशिवाय मशीनच सुरू होणार नाही असं इंटरलॉक. दुसरं, पंख्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लागेल तेवढाच फिरवायचा, लाईट वाचते. आणि फाटलेल्या बॅगा वेळेत बदला, नाहीतर सगळा खर्च चिमणीतून बाहेर.

शहराबाहेर हंगामात आणखी एक धूर असतो, उसाचा पाला. तोड झाली की काडी लावायची. हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं, ते सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू खत टाकलं की कुजतं, पाणी पण कमी लागतं. गुऱ्हाळाचंही तसंच, चुलवाणात ओलं चिपाड घातलं की धूर, वाळलेलं घातलं की जाळ. यात भांडवल काय लागतंय?

कमी खर्चात काम होतं याचा चांगला पुरावा बांगलादेशातून आलाय. तिथं २७६ वीटभट्ट्यांवर प्रयोग झाला, २०२५ ला छापून आला. विटा रचायची पद्धत बदलायची आणि कोळसा थोडा थोडा, सलग टाकायचा, एवढंच शिकवलं. ज्यांनी ते केलं त्यांचा कोळसा २३ टक्के कमी लागला. ना दंड, ना छापा. पैसे वाचले म्हणून लोकांनी केलं.

पण सगळंच काय आपोआप पैसे वाचवत नाही, बॅग फिल्टर तर नाहीच. तिथं मला सुरतचं मॉडेल पटतं. २०१९ ला गुजरातच्या प्रदूषण मंडळानं तिथल्या तीनशेवर कारखान्यांच्या चिमणीवर सतत मोजणारी मशीन बसवली आणि त्यातल्या निम्म्यांसाठी धुळीचा बाजार काढला. सगळ्यांनी मिळून किती किलो सोडायची ते ठरलेलं, ज्याला स्वस्तात कमी करता येते त्यानं जास्त करावी आणि उरलेला हक्क दुसऱ्याला विकावा, दर किलोला ५ रुपयांच्या खाली नाही आणि १०० च्या वर नाही. बाजारात असलेल्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी उतरली आणि तेवढीच धूळ जुन्या पद्धतीनं कमी करायला आला असता त्यापेक्षा खर्च ११ टक्के कमी आला. किलोला दर! हे वाचून कॉस्टिंगवाल्याला किती बरं वाटलं असेल विचार करा.

कोल्हापूरला हे जसंच्या तसं बसणार नाही. सुरतेत कापडाच्या प्रोसेसचे बॉयलर, ते तासन् तास चालतात. आपल्याकडं छोटी फौंड्री दिवसातून काही हीट, म्हणजे वितळवायचे घाणे, काढते आणि बंद, तिच्या चिमणीवर महागडं मोजणी यंत्र लावलं तर यंत्राचाच हप्ता धुळीपेक्षा जड होईल. म्हणून सुरुवात साखर कारखान्यांच्या आणि इचलकरंजीच्या प्रोसेसच्या बॉयलरपासून करावी असं मला वाटतं, फौंड्रीला तोवर इंटरलॉक आणि फिल्टरच्या पंख्याला वेगळं मीटर. मीटरचे युनिट पाळीच्या तासांशी जुळवले की फिल्टर चालू होता का नाही ते घरबसल्या कळतं, इन्स्पेक्टरला रात्री दीडला शिरोलीला जायची गरज नाही.

सध्या मी माझ्यापुरता एक तक्ता करतोय, उपाय, पहिला खर्च, वर्षाचा खर्च, वाचलेले किलो. लाईटचे खरे आकडे कमी पडतायत. कुणाच्या कारखान्यात फिल्टरच्या पंख्याचं बिल वेगळं निघत असेल तर नाव-गाव झाकून पाठवा, अंदाजानं धरलेले ९ रुपये आणि २६ पाळ्या काढून टाकतो.